झाकणाचे चिमटे

निवृत्त माणसाच्या हाती करवत देऊ नये असं माझं मत आहे. ते मी शेडमध्ये अजून कुणाला बोलून दाखवलेलं नाही. आयुष्य गावच्या वाचनालयात गेल्यामुळे बोलणं म्हणजे दुसऱ्याच्या वाचनात व्यत्यय, अशी माझी समजूत झाली आहे. शिवाय मत चुकीचं असण्याची शक्यता असतेच. माझ्या बाबतीत ती जरा जास्त असते.

शेडमध्ये मला मॅरियनने घातलं, मुलाला शाळेत घालतात तसं. मॅरियन माझी बायको. मी घरी बसायला लागल्यावर काही महिने ती गप्प होती. मग एका सकाळी झाडू हातात घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"एडविन, तू दिवसभर त्या खुर्चीत असतोस. मला तिच्याखालचं झाडायचंय."

"मी पाय वर घेतो."

"पाय नको वर घेऊस. तू बाहेर जा."

आमच्या गावात बाहेर म्हणजे दोनच जागा. एक दारूचा गुत्ता आणि दुसरी शेड. गुत्त्यात बोलावं लागतं, म्हणून मी शेडमध्ये गेलो.

शेड म्हणजे सफरचंदांच्या जुन्या वखारीमागची पत्र्याची लांबट खोली. ह्यूऑन नदीवरचा वारा पत्र्याच्या फटींतून आत येतो आणि बाहेर जायचं विसरतो. तिथे गावातले रिकामे म्हातारे मंगळवारी आणि गुरुवारी जमतात, एकमेकांकडे न बघता शेजारी शेजारी उभे राहतात आणि लाकूड घासतात. यामुळे पुरुषांची मनं मोकळी होतात असं बायकांनी कुठेतरी वाचलेलं आहे. मी तिथे गेल्यापासून एकच मन मोकळं झालेलं पाहिलं. डगची बहीण वारली तेव्हा तो म्हणाला, "बहीण गेली." शेजारच्याने त्याच्यापुढे नवाकोरा पॉलिशपेपर सरकवला. डगने तो घेतला. सांत्वन झालं.

हा डग पूर्वी गावचा प्लंबर होता. मी पहिल्यांदा आलो तेव्हा त्यानेच मला विचारलं, "हाताने काय येतं तुला?"

"पानं उलटता येतात," मी म्हणालो.

"मग प्रोफेसर, तू चिमटे कर."

त्या दिवसापासून मी प्रोफेसर. जन्मात कधी शिकवलं नाही, पण टोपणनावाला पुरावा लागत नाही.

नवीन माणसाला चिमटेच देतात, कारण ते भंगार लाकडाचे असतात आणि त्यात फारसं काही बिघडू शकत नाही. दोन पातळ पट्ट्या घ्यायच्या. एका टोकाला मधे छोटी पाचर ठेवायची, सरस लावायचा, शिकंज्यात दाबून ठेवायचं. वाळलं की घासायचं, तेल पाजायचं. एका पट्टीत खाच करून नखाएवढं लोहचुंबक चिकटवायचं, म्हणजे चिमटा टोस्टरच्या अंगाला लटकून राहतो. हा चिमटा टोस्टरमधून पाव काढण्यासाठी असतो. देवाने हात दिलेले असतानाही.

गावात असं एकही घर नाही जिथे चार-पाच चिमटे नाहीत. नाताळात लोक ते एकमेकांना देतात. जानेवारीत ते चर्चच्या जुन्या सामानाच्या दुकानात जमा होतात. तिथून गावात नव्याने आलेली माणसं ते मोठ्या कौतुकाने विकत घेतात आणि पुढच्या नाताळात आम्हाला देतात. गावात पावापेक्षा चिमटे जास्त झाले तरी शेड थांबलेली नाही. थांबलो तर घरी जावं लागेल.

बिघडू शकत नाही असं म्हणालो, ते बाकीच्यांच्या बाबतीत. माझ्या चिमट्यांच्या दोन जाती निघाल्या. एका जातीचे मिटत नसत, दुसऱ्या जातीचे उघडत नसत. मिटत नसलेले डगने चुलीत घातले. न उघडणारे मी एका खोक्यात साठवत गेलो आणि ते खोकं घरी नेऊन परत शेडमध्ये आणत राहिलो. का, ते मलाही सांगता येणार नाही. पुस्तक फाटलं तरी मी ते टाकत नसे, तशातलाच प्रकार असावा.

शेडचा अध्यक्ष नेव्हिल. तो मेलबर्नमध्ये एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर होता आणि निवृत्त होऊन इकडे बेटावर आला. इथे येऊन त्याला दहा वर्षं झाली, म्हणजे आमच्या हिशेबाने तो परवा आला. माणूस वाईट नाही. फक्त त्याला प्रत्येक गोष्ट सुधारायची असते. चहाच्या सुट्टीत सगळे मुकाट्याने बिस्किट बुडवत असतात आणि नेव्हिल बोलत असतो. त्यामुळे चहाच्या वेळी दुसरं कोणी काही सांगितलं तर ते नेव्हिलला कधीच ऐकू आलेलं नाही.

हिवाळ्यात नेव्हिलच्या डोक्यात आलं की साधे चिमटे पुरे झाले, आता उंची चिमटे करायचे. वसंतात होबार्टच्या बंदरात मोठ्या प्रवासी बोटी लागतात, तिथून बस भरभरून माणसं आमच्या रविवारच्या बाजारात येतात. त्यांना काहीतरी खास हवं असतं. "ब्रँड करायला हवा," तो म्हणाला. शेडमध्ये हा शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला असावा, कारण सगळ्यांनी बिस्किटं बुडवायची थांबवली.

आणि त्याच आठवड्यात त्याला रंगाच्या कपाटामागे ती फळी सापडली.

ती निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेली होती. नेव्हिलने ताडपत्री काढली आणि खोलीभर वास पसरला. ह्यूऑन पाइनचा वास एकदा घेतलेला माणूस विसरत नाही. गोड, तेलकट, जुन्या औषधाच्या कपाटासारखा. रंग मधासारखा. हे झाड आता कायद्याने कोणी तोडू शकत नाही. जुनं, पडलेलं, नदीच्या गाळात सापडलेलं मिळालं तर मिळालं. आणि ही फळी एकसंध होती, दारासारखी रुंद. तिच्यावर इथे-तिथे लहान भोकं होती आणि प्रत्येक भोकाभोवती हिरवट कडं.

शेडचा एक नियम आहे. ज्या लाकडावर पेन्सिलीने नाव नाही ते भंगार. नेव्हिलने फळी उलटीसुलटी करून पाहिली. नाव नव्हतं.

सगळे जवळ आले. मीही गेलो.

"वास बघ," एक जण म्हणाला.

"हं," दुसरा म्हणाला.

डग खोकला. मग तो आपल्या पाइपचं तोंड बराच वेळ साफ करत बसला, आणि तो पाइप ओढायचं त्याने केव्हाच सोडलं होतं. बाकीच्यांनी टोप्या मागे सरकवल्या, पुढे सरकवल्या. खोलीत एक विलक्षण शांतता पसरली. मला वाटलं, ही त्या हजार वर्षांच्या झाडाबद्दलची आदराची शांतता आहे. मला वाटतं तसं सहसा नसतं.

नेव्हिलने पट्ट्याची करवत सुरू केली.

फळीच्या पट्ट्या झाल्या, पट्ट्यांचे तुकडे झाले, तुकड्यांचे चिमटे झाले. महिनाभर सगळे खपत होते. एवढं सुंदर काम शेडमध्ये मी पाहिलं नव्हतं, आणि एवढं गप्प कामही नाही. मला त्या लाकडाला हात लावू दिला नाही. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. मी तेल लावायला होतो, तेही देखरेखीखाली.

बाजारात टेबलावर कोण बसणार, हा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांना अचानक कामं निघाली. नेव्हिलने माझ्याकडे पाहिलं. "एडविन, तू बस. तुझा चेहरा विश्वासू आहे." म्हणजे, करवतीपासून लांब कुठेतरी तुझा काही उपयोग व्हावा.

रविवारी गावच्या सभागृहात एका बाजूला मधाच्या बाटल्या, दुसऱ्या बाजूला लोकरीचे मोजे आणि मधे मी. टेबलावर हिरवं कापड, त्यावर चिमटे रांगेत. नेव्हिलने जाड पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात पाटी लिहिली होती. ह्यूऑन पाइन, हजार वर्षांचा वारसा, आणि खाली, हिरवे ठिपके ही निसर्गाची स्वाक्षरी. डग दाराशी शेगडीवर सॉसेज भाजत होता. नेव्हिल हॉलभर फिरत लोकांना चिमट्यांकडे वळवत होता.

विक्रीला मी बसलो, पण विक्री काही उभी राहिली नाही. पहिलं गिऱ्हाईक क्वीन्सलँडचं, अर्ध्या चड्डीतलं.

"हे कशासाठी?"

"टोस्ट काढायला."

"हाताने नाही निघत?"

मी विचार केला. "निघतो."

"मग?"

"मग काही नाही," मी म्हणालो. तो गेला. जाताना माझे आभार मानून गेला.

एका बाईंना मी सांगितलं की हे लाकूड पाण्यात बुडवून ठेवू नका. त्या म्हणाल्या, माझी सून सगळंच बुडवून ठेवते. मी म्हणालो, मग नका घेऊ. एका तरुणाने विचारलं, किंमत एवढी का? मलाही ते कळलं नव्हतं, तसं मी त्याला सांगितलं. दुपारपर्यंत एकही चिमटा गेला नव्हता. नेव्हिल दोनदा येऊन रांग सरळ करून गेला. रांगेतच काही दोष असावा अशी त्याची आशा होती.

मग व्हर्न आला.

व्हर्न म्हणजे शेडचा सर्वांत जुना माणूस. मी शेडमध्ये येण्याआधीच तो खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी गेला होता आणि नंतर सगळा हिवाळा उत्तरेला मुलीकडे होता. मी त्याला वाचनालयापासून ओळखत होतो. पाऊस पडत असला की यायचा, हीटरजवळ बसायचा, पाऊस थांबला की पुस्तक न घेता जायचा. माझा तो सर्वांत समाधानी वाचक.

काठी टेकत तो टेबलाशी आला.

"काय एडविन, वाचनालय सोडलंस, आता दुकान काय?"

"बसवलंय मला इथे."

"दिसतंय. अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीसारखा."

बोलता बोलता त्याने एक चिमटा उचलला. नाकाशी नेला. मग अंगठ्याने त्या हिरव्या कड्यावरून हळूच एक फेरी मारली. आणखी एक उचलला, त्याचंही तसंच केलं. मग दोन्ही परत रांगेत ठेवले, होते तसेच, अगदी सरळ.

"कुठलं लाकूड?"

"शेडमधलंच. नेव्हिलला रंगाच्या कपाटामागे मिळालं."

"ताडपत्री होती?"

"होती. निळी."

"निळी," व्हर्न म्हणाला. "तीही माझीच."

त्याने शेजारची घडीची खुर्ची ओढली आणि बसला. नवीन खुब्यावर बसायला त्याला जरा वेळ लागला.  

"माझ्या बापाच्या होडीचा तळ होता तो," समोरच्या मधाच्या बाटल्यांकडे बघत व्हर्न म्हणाला. "होडी मोडली तेव्हा एवढा एकच तक्ता धड निघाला. तांब्याचे खिळे मीच उपटले एकेक करून. त्यांचाच हा हिरवा डाग."

मी पाटी हळूच उलटी करून ठेवली.

"कशासाठी ठेवला होतास?"

"झाकणाला."

"कशाच्या?"

"माझ्या," व्हर्न म्हणाला. "पेटी केव्हाची तयार आहे. घरी आहे, बटाटे ठेवतो त्यात. झाकण तेवढं राहिलं होतं. म्हटलं, खुबा झाला की करू. बाप आयुष्यभर त्या फळीवर उभा राहिला, मी तिच्याखाली पडून राहीन. एवढंच होतं."

"पण नाव का नाही घातलंस तिच्यावर?"

"शवपेटीच्या झाकणावर स्वतःचं नाव? जिवंतपणी?" तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मीच काहीतरी अशुभ केलं होतं. "आणि नाव कशाला? सगळ्यांना माहीत होतं. दर चहाला सांगत होतो मी."

तेव्हा कुठे मला त्या शांततेचा अर्थ कळला. टोप्या का सरकत होत्या तेही.

"मग सांग ना नेव्हिलला. तो बघ, तिथे मोज्यांपाशी आहे."

"काय सांगू? कापलं ते कापलं." व्हर्नने काठीचं टोक जमिनीवर फिरवलं. "त्या बिचाऱ्याचा बाजार कशाला मोडू? विकले किती?"

"एकही नाही."

व्हर्नने मान वळवून पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. माझ्याकडे इतक्या आदराने कोणी पाहिल्याचं मला आठवत नाही. वाचनालयातही नाही.

"सगळे आहेत?"

"सगळे."

त्याने मान परत मधाच्या बाटल्यांकडे वळवली. आमच्याकडे माणूस बुडताना हात वर करतो, तोही टोपी सांभाळायला. चिमटे परत हवेत, हे व्हर्न मरेपर्यंत म्हणाला नसता. आणि एकदा हे चिमटे बसमध्ये चढले की ते जगभरच्या टोस्टरांना लटकणार होते. मी ठरवलं की एकेक करून ते टेबलाखालच्या खोक्यात सरकवायचे, कोणाला न कळता. माझे बहुतेक बेत कोणाला न कळता करायचे असतात, त्यामुळे ते होतही नाहीत. मी तिसरा चिमटा सरकवत होतो तेवढ्यात बस आली.

एक बाई थेट टेबलाशी आल्या. मोत्याची माळ, मोठी हॅट. त्यांनी एक चिमटा उचलला, वास घेतला आणि त्यांचे डोळे मिटले.

"किती आहेत असे?"

"बरेच आहेत," मी म्हणालो. मला खोटं बोलायची सवय नाही. ती लावून घ्यायला हवी होती असं बऱ्याचदा वाटतं.

"माझ्या मुलाचं लग्न आहे. प्रत्येक पाहुण्याला एकेक द्यायचा. सगळे बांधा."

गिऱ्हाइकाचा वास नेव्हिलला लाकडाच्या वासापेक्षा लवकर येतो. तो माझ्या खांद्याशी उभा होताच. "अतिशय उत्तम निवड, बाई. हजार वर्षांचं झाड." त्याने कागद काढला, गुंडाळायला सुरुवात केली. पहिला चिमटा कागदात गेला. दुसरा गेला. व्हर्न छताकडे बघत होता. छतावर पंखा होता, बंद.

मी उभा राहिलो. खुर्ची मागे पडली. तिचा आवाज एवढा झाला की मधवाली वळून बघायला लागली, आणि आता बसलो तर उगाच उभा राहिलो असं होईल, म्हणून बोलणं भाग पडलं.

"बाई," मी म्हणालो, "ही शवपेटी आहे."

"काय म्हणालात?"

"शवपेटीचं झाकण. आम्ही त्याचे तुकडे केलेत, पण आहे झाकणच."

नेव्हिल हसला. बँकेत हसतात तसं. "एडविन, बाईंना तुझी थट्टा कळायची नाही."

"थट्टा नाही."

"कोणाचं झाकण?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

मी व्हर्नकडे बोट दाखवलं. व्हर्न सभ्य माणूस आहे. त्याने टोपी उचलली.

"तशी घाई नाही," तो म्हणाला.

बाईंनी हातातला चिमटा दोन बोटांनी खाली ठेवला आणि रुमालाला हात पुसले. मग त्या मोज्यांकडे गेल्या. लग्नाला मोजे चालतात का मला माहीत नाही, पण त्यांनी बरेच घेतले.

नेव्हिल व्हर्नकडे बघत राहिला. त्याच्या हातात गुंडाळायचा कागद तसाच होता. तो आधी लाल झाला, मग तो रंगही गेला.

"व्हर्न, ही तुझी फळी होती?"

"असू दे रे."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तू कोणाला विचारलं नाहीस," दाराशी डग म्हणाला. तो चिमट्याने सॉसेज उलटत होता. लोखंडाच्या.

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं. आम्हाला वाटलं तू व्हर्नला विचारलं असशील."

"आणि तुला मला विचारता नाही आलं?"

"दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायची पद्धत नाही आपल्यात," डग म्हणाला. त्याने हे अशा थाटात सांगितलं, जणू आमच्या संस्कृतीतलं हे एक मोठं रत्न आहे. खरं म्हणजे आहेच. याच रत्नाच्या प्रकाशात सगळ्या खोलीने व्हर्नचं झाकण कापताना पाहिलं होतं आणि वासाची तारीफ केली होती.

नेव्हिलने उलटी पाटी उचलली, निसर्गाच्या स्वाक्षरीवरून एकदा नजर फिरवली आणि पाटी दुमडून खिशात घातली. जाड पुठ्ठा होता, खिशात मावेना. तरी त्याने तो मावेपर्यंत दाबला.

मंगळवारी शेडमध्ये गेलो तेव्हा नेव्हिल आधीच आला होता. चिमट्यांची पाचरीची टोकं कापून तो पट्ट्या सुट्या करत होता. कोणाला काही बोलला नाही. चहाच्या वेळीही बोलला नाही. शेडच्या इतिहासात पहिल्यांदाच चहा शांततेत झाला आणि सगळ्यांना चुकल्यासारखं वाटलं.

डगने सुचवलं की पट्ट्या प्लायवुडवर चिकटवाव्यात, लवकर होईल.

"प्लायवुड?" व्हर्न म्हणाला. "मी काय स्वयंपाकघरातलं कपाट आहे?"

मग पट्ट्या कडेवर उभ्या करून शेजारी शेजारी लावायचं ठरलं, सरस लावून, शिकंजे आवळून, थोडं थोडं करत. प्रत्येक पट्टीवर तांब्याचा हिरवा डाग कुठे आहे ते बघून नेव्हिल ती फिरवत असे, सरकवत असे. मूळ फळीवर ते खिळे ओळीत होते. आता ते झाकणभर पसरले होते. होडी खडकावर आपटून परत पाण्यावर आली असती तर अशीच दिसली असती.

पण करवत लाकूड खाते. जिथून ती जाते तिथे भुसा होतो, आणि तो भुसा आम्ही महिनाभर झाडून बाहेर टाकला होता. सगळ्या पट्ट्या लागल्यावर व्हर्न बाकावर आडवा झाला, आणि झाकण त्याच्यावर धरलं तर ते गुडघ्यांपाशीच संपलं.

 व्हर्न झाकणाखालून म्हणाला, "पोचलं का?"

"थोडं आखूड झालं," डग म्हणाला. "तुला जरा आखूड होता येईल का?"

"डॉक्टरने एक पाय केलाय तसा. दुसऱ्याला विचारून बघतो."

नेव्हिल खाली वाकून झाकणाच्या कडेवरून हात फिरवत राहिला.  मला त्याची दया आली, आणि दया आली की माझ्या हातून काहीतरी वेडेपणा होतो. मी खोलीच्या कोपऱ्यात गेलो आणि माझं खोकं घेऊन आलो. त्यात कशाकशाचे चिमटे होते. सफरचंदांच्या पेट्यांच्या फळ्या, शाळेच्या बाकाचं ब्लॅकवुड, मोडक्या खुर्चीचा पाय. खोकं मी बाकावर ठेवलं. मग वाटलं, चूक केली. परत उचलायला लागलो.

"थांब," व्हर्न उठून बसला. त्याने एक चिमटा घेतला, दोन्ही हातांनी ओढून पाहिला. चिमटा हलला नाही. दुसरा पाहिला. "हे उघडत कसे नाहीत?"

"माझं तसंच होतं," मी म्हणालो.

"मग हेच लावा पायाकडे. झाकणाला उघडणारे काय करायचेत?"

तर व्हर्नच्या झाकणाला डोक्यापासून गुडघ्यापर्यंत त्याच्या बापाची होडी आहे, आणि खाली माझे चिमटे, आहेत तसेच, उघडण्याची कसलीही भीती नसलेले. रंध्याने सगळं एका पातळीत आणलं. शेवटचा पॉलिशपेपर नेव्हिलने मारला, कोणाला हात लावू दिला नाही. तेल पाजलं तेव्हा तो वास परत उठला.

व्हर्नने अंगठा टेकवून वरपासून खालपर्यंत नेला. हिरव्या डागांपाशी तो थांबत होता. माझ्या भागातही एका ठिकाणी थांबला, तिथे कुसळ लागलं असावं.

"बरं आहे," तो म्हणाला.

आमच्या बेटावर यापुढचा शब्द नाही. नेव्हिल भुशाचा त्रास होतो म्हणून बाहेर गेला, आणि त्या दिवशी कोणी करवत चालवलीच नव्हती. परत आला तेव्हा त्याचं नाक लाल होतं. डगने त्याच्यापुढे नवाकोरा पॉलिशपेपर सरकवला.

एक गोष्ट मात्र सगळेच विसरलो. लोहचुंबकं काढायची राहिली. ती सगळी झाकणाच्या आत आहेत. व्हर्नच्या गॅरेजमध्ये ओल आहे, म्हणून झाकण तूर्त शेडमध्येच दोन लाकडी घोड्यांवर टाकलंय आणि त्यावर आम्ही चहा पितो. बिस्किटांचा पत्र्याचा डबा त्याला घट्ट बसतो. चमचा ठेवला की उचलताना ओढ लागते. गेल्या गुरुवारी नेव्हिलने चमचा सोडवता सोडवता कपातला चहा सांडला आणि ही चुंबकं काढून टाकायची एक योजना मांडायला लागला.

"राहू दे," व्हर्न म्हणाला. "मी गेल्यावर तुमचे हरवलेले खिळे सगळे माझ्याजवळ सापडतील."

नेव्हिलने योजना तिथेच सोडली. मग त्याने व्हर्नला विचारलं, आणखी एक बिस्किट हवं का. तो हल्ली विचारतो. कधीकधी फार विचारतो.

झाकण पुरं झालं त्या दिवशी मी घरी रिकाम्या हातांनी गेलो होतो. मॅरियन झाडत होती.

"तुझं ते खोकं कुठंय?"

"रिकामं झालं. सगळे गेले."

तिने झाडू थांबवला. "तुझे? कोणी घेतले?"

"एकाच गिऱ्हाइकाने."

"सगळे?" ती माझ्याकडे बघत राहिली. "आणि घेऊन गेला?"

"नाही अजून," मी म्हणालो आणि खुर्चीत बसून पाय वर घेतले. "त्याला घाई नाही."